राखणीच्या कुत्र्याचा शिधा : किती द्यावा व कसा ठरवावा

दुभत्या म्हशीला किती पेंड घालावी, कामाच्या बैलाला किती वैरण लागेल, शंभर कोंबड्यांना रोज किती खाद्य पुरेल, याचा हिशेब आपला शेतकरी आता बऱ्याच अंशी करू लागला आहे. परंतु ज्या जनावराच्या भरवशावर ही सारी जित्राबे रात्री निर्धास्त असतात, त्या राखणीच्या कुत्र्याच्या खाण्याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी ठेवतो. घरातील जेवणे आटोपल्यावर उरेल तो तुकडा त्याच्यापुढे पडतो. एखाद्या दिवशी चार भाकऱ्या उरतात, एखाद्या दिवशी अर्धीही उरत नाही. अशा रीतीने पोसलेला कुत्रा कधी हाडकुळा तर कधी स्थूल होतो, आणि दोन्ही अवस्थांत तो राखणीच्या उपयोगाचा राहत नाही.

अपुऱ्या अन्नाचा परिणाम केवळ कुत्र्यापुरता मर्यादित नसतो. भुकेला कुत्रा रात्री वस्ती सोडून उकिरड्याकडे अथवा मेलेल्या जनावराकडे जातो. त्या वेळी वाडगा उघडा पडतो. ज्या भागात बिबट्याचा वावर आहे तेथे असा एकटा हिंडणारा कुत्रा स्वतःच बळी पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून जो अभ्यास झाला, त्यात पाळीव कुत्रा हेच त्याचे मुख्य भक्ष्य असल्याचे दिसून आले आहे. शिवाय कच्च्या आतड्या-काळजांवर पोट भरणारा कुत्रा मेंढरांना व माणसांना जडणारे रोग घरी घेऊन येतो. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

कुत्र्याला भाकरी चालते काय?

कुत्रा हा मूळचा मांसाहारी प्राणी, त्याला धान्य पचत नाही, असा एक समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१३ साली कुत्रा व लांडगा यांच्या आनुवंशिक घटकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचविण्याची शक्ती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ वाढली असल्याचे तीवरून आढळून आले. माणसाच्या सहवासात राहून त्याच्या अन्नाशी कुत्र्याने जुळवून घेतले आहे. तेव्हा ज्वारी, बाजरी, तांदूळ अथवा गहू यांचे नीट शिजविलेले अन्न त्यास खुशाल द्यावे. मात्र नुसत्या भाकरीवर त्याचे पोषण होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

गरज कशी काढावी?

अन्नापासून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. जनावराचे वजन दुप्पट झाले म्हणून त्याची गरज दुप्पट होत नाही. ती त्याहून कमी प्रमाणात वाढते. हा नियम कॅलिफोर्नियातील संशोधक मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली मांडला. त्याच्या आधाराने कुत्र्यासाठी जे सूत्र वापरतात त्याचे सोपे रूप पुढीलप्रमाणे आहे. २ किलोपासून ४५ किलोपर्यंतच्या कुत्र्यास ते लागू पडते.

पहिली पायरी : वजन. पोती तोलण्याच्या सपाट काट्यावर कुत्र्यास उचलून घेऊन उभे राहावे व नंतर एकट्याने उभे राहावे. दोन वजनांतील फरक हे कुत्र्याचे वजन होय. दोघांचे मिळून ७८ किलो भरले व माणसाचे ५८ किलो भरले, तर कुत्रा २० किलोचा आहे.

दुसरी पायरी : विश्रांतीची गरज. वजनाच्या किलोंस ३० ने गुणावे व त्यात ७० मिळवावे. २० किलोच्या कुत्र्यासाठी ३० × २० = ६००, अधिक ७० = ६७० उष्मांक. नुसते पडून राहिले तरी शरीर चालू ठेवण्यास एवढी शक्ती लागते.

तिसरी पायरी : कामाचा गुणक. नसबंदी केलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी वरील आकड्यास १.६ ने व न केलेल्यासाठी १.८ ने गुणावे. कळपामागे दिवसभर चालणाऱ्या कुत्र्यास कष्टांच्या मानाने २ ते ३ पट लागते. आपला २० किलोचा वस्तीवरील कुत्रा नसबंदी न केलेला असेल, तर ६७० × १.८ = १,२०६, म्हणजे सुमारे १,२०० उष्मांक त्यास रोज हवेत.

याच रीतीने वस्तीवरील प्रौढ कुत्र्यांची (गुणक १.८) रोजची गरज अशी येते :

१० किलो वजन – सुमारे ६७० उष्मांक
१५ किलो वजन – सुमारे ९४० उष्मांक
२० किलो वजन – सुमारे १,२०० उष्मांक
२५ किलो वजन – सुमारे १,४८० उष्मांक
३० किलो वजन – सुमारे १,७५० उष्मांक

उष्मांकांची भाकरी करणे

हा आकडा घरातील गृहिणीला उपयोगी पडावा यासाठी तो भाकरीच्या मापात आणला पाहिजे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३५ उष्मांक असतात. आपल्या घरी १ किलो पिठाच्या किती भाकऱ्या होतात ते एकदा मोजून पाहावे. बारा होत असतील तर एका भाकरीस सुमारे ८३ ग्रॅम पीठ लागले व तीत सुमारे २८० उष्मांक आले. ज्या घरी थापटी मोठी, त्या घरी हा आकडा अर्थातच वाढेल. म्हणून दुसऱ्याच्या घरची संख्या न घेता आपली आपण काढावी.

आता १,२०० उष्मांक केवळ भाकरीतूनच द्यावयाचे म्हटले, तर सव्वाचार भाकऱ्या लागतील. पोट भरेल, परंतु त्यातून प्रथिने मात्र सुमारे ३६ ग्रॅमच मिळतील. प्रौढ कुत्र्याच्या कोरड्या अन्नात शेकडा १८ च्या सुमारास प्रथिने असावीत असे मान आहे. ज्वारीत ती शेकडा १० च्या आसपास असतात. ही उणीव डाळ, अंडी, दूध, मासळी अथवा शिजविलेले मांस यांनी भरून काढावी लागते.

२० किलोच्या कुत्र्यासाठी नमुन्याचा रोजचा शिधा पुढे दिला आहे :

ज्वारीचे पीठ २०० ग्रॅम (अडीच भाकरीस थोडे कमी) – ६७० उष्मांक
तूरडाळ ७५ ग्रॅम, मऊ शिजवून – २५० उष्मांक
उकडलेली अंडी २ – १४० उष्मांक
गाईचे दूध १०० मिलिलिटर – ७० उष्मांक
गोडे तेल ८ ग्रॅम – ७० उष्मांक
एकूण – १,२०० उष्मांक. प्रथिने सुमारे ५२ ग्रॅम

दुधाने ज्या कुत्र्यास ढाळ लागते त्याला दुधाऐवजी थोडे दही द्यावे. या शिध्यात चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, कमी पडते. त्यासाठी अंड्यांची टरफले उकळून, वाळवून बारीक कुटावीत व ती पूड रोज सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे अदमासे अर्धा चहाचा चमचा, अन्नात मिसळावी. इतर क्षार व जीवनसत्त्वे यांसाठी कोणते मिश्रण किती द्यावे, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवावे. बाजारात मिळणारे तयार खाद्य देणाऱ्यांनी पाकिटावरील उष्मांक पाहावेत. १ किलोस ३,५०० उष्मांक असे लिहिले असेल, तर याच कुत्र्याला दिवसास सुमारे ३४० ग्रॅम पुरे होते. घरचे व तयार असे दोन्ही देताना एकाच्या मानाने दुसरे कमी केले पाहिजे.

कष्ट करणारा कुत्रा, पिल्ले व विलेली कुत्री

दिवाळीनंतर देशावरून कोकणाकडे मेंढरे घेऊन जाणाऱ्या धनगर बांधवांच्या कुत्र्यांना चालण्याचे व रात्रीच्या जागरणाचे दुहेरी कष्ट असतात. २० किलोच्या अशा कुत्र्यास अडीच पट धरल्यास १,६७५ उष्मांक लागतात. वरील शिध्यात आणखी एक भाकरी, एक अंडे व १४ ग्रॅम तेल वाढविल्यास ही गरज भागते. मोठे जेवण चालण्यापूर्वी देऊ नये. सायंकाळी तळ पडल्यावर, थोडी विश्रांती झाली की मग द्यावे.

पिल्लांची गरज वजनाच्या मानाने फार मोठी असते. चार महिन्यांपर्यंत विश्रांतीच्या गरजेच्या ३ पट व त्यानंतर पूर्ण वाढ होईपर्यंत २ पट अन्न लागते. ५ किलोच्या तीन महिन्यांच्या पिल्लाचा हिशेब पाहा : ३० × ५ + ७० = २२०, त्याची तिप्पट ६६०. म्हणजे वजन मोठ्या कुत्र्याच्या चौथाई असूनही त्याला अन्न निम्म्याहून अधिक लागते. त्याचे पोट लहान असल्याने हे अन्न चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व पुढे दोन वेळा विभागून द्यावे. नुसत्या भाकरीवर अथवा नुसत्या मांसावर वाढविलेल्या पिल्लाची हाडे कमजोर होतात, हे विसरू नये.

कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. शेवटच्या तीन आठवड्यांत तिचे अन्न हळूहळू सव्वापट ते दीडपट करावे. पिल्ले अंगावर पीत असताना, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पिल्लांच्या संख्येप्रमाणे विश्रांतीच्या गरजेच्या कितीतरी पट अन्न तिला लागते. या काळात तिच्या खाण्याला आडकाठी करू नये.

हिशेब बरोबर आहे की नाही, हे कुत्राच सांगतो

सूत्राने निघणारा आकडा हा आरंभ समजावा. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज सारखी असेलच असे नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवावा. त्याकरिता आपल्याच हाताचे माप घ्यावे. मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवर हात फिरविल्यास जसे लागते तशा बरगड्या टोचत असतील, तर कुत्रा रोड आहे. पंजा पसरून त्याच्या पाठीमागच्या बाजूवर हात फिरविल्यास हाडे जशी सहज कळतात तशा त्या लागल्या, तर प्रकृती योग्य आहे. तळहातासारखे मांसल लागून बरगड्या शोधाव्या लागत असतील, तर तो लठ्ठ झाला आहे. वरून पाहता कंबर दिसावी व बाजूने पाहता पोट वर चढलेले दिसावे. रोड असल्यास शिधा दहावा हिस्सा वाढवावा, लठ्ठ असल्यास तितकाच कमी करावा व पुन्हा पंधरा दिवसांनी पाहावे. भरपूर खात असूनही कुत्रा रोडावत असेल, तर अन्न वाढवीत न बसता त्यास दवाखान्यात दाखवावे. पोटात जंत असण्याचा संभव असतो.

लठ्ठपणा ही कौतुकाची गोष्ट नव्हे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ प्रयोगात, एकाच विणीतील भावंडांच्या जोड्या करून एकास दुसऱ्यापेक्षा शेकडा २५ अन्न कमी दिले गेले. कमी खाणारी कुत्री सुमारे १३ वर्षे व अधिक खाणारी सुमारे ११ वर्षे जगली. चांगला राखणदार दोन वर्षे अधिक लाभणे ही काही लहानसहान बाब नाही.

पाणी व वर्ज्य पदार्थ

दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. २० किलोच्या कुत्र्यास १ ते सव्वा लिटर व उन्हाळ्यात त्याहून अधिक. स्वच्छ पाण्याचे भांडे सदैव सावलीत भरून ठेवावे.

कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. म्हणून उरलेली आमटी वा रस्सा भाकरीवर ओतून देण्याची रीत सोडावी. कुत्र्यासाठी डाळ फोडणीपूर्वीच बाजूला काढावी. द्राक्षे व बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होतात. नाशिक व सांगली भागातील बागाईतदारांनी बेदाण्याच्या शेडवरील कुत्र्याविषयी ही काळजी अवश्य घ्यावी. चॉकलेट देऊ नये. शिजविलेली हाडे फुटून त्यांच्या अणकुचीदार कपच्या आतड्यात रुततात. बुरशी आलेली मका, भाकरी अथवा शेंगदाण्याची पेंड यांतील विषाने यकृत बिघडते. जनावरांना नको झालेले बुरसट अन्न कुत्र्याला घालणे म्हणूनच घातक आहे.

कच्च्या मांसाचा धोका

बकरे वा मेंढी कापल्यावर पाण्याच्या फोडांनी भरलेले काळीज व फुप्फुस बाजूला टाकले जाते व ते कुत्रा खातो. या फोडांत एका लहान पट्टकृमीची बीजे असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे कृमी होतात व त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतात, पाण्यात आणि कुत्र्याच्या केसांत येतात. ती मेंढरांच्या पोटात गेली की त्यांच्या काळजात फोड धरतात. कुत्र्याशी खेळून हात न धुता जेवणाऱ्या मुलाच्या पोटात गेली, तर त्याच्याही यकृतात वा फुप्फुसात तसेच फोड वाढू लागतात. ते वर्षानुवर्षे कळतही नाहीत व पुढे शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येते. मेलेल्या मेंढीचे डोके खाल्ल्याने होणारा दुसरा एक पट्टकृमीही असाच मेंढरांच्या मेंदूत शिरतो. त्यामुळे मेंढी एकाच जागी गोल फिरू लागते व दगावते. यास्तव खराब अवयव खोल पुरावेत. मांस द्यावयाचे असल्यास निदान अर्धा तास उकळूनच द्यावे. कळपावरील कुत्र्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पट्टकृमीचे औषध ठराविक काळाने देत जावे. पिल्लू तीन महिन्यांचे होताच पिसाळण्याच्या रोगाची लस टोचावी व पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे पुढील मात्रा चुकवू नयेत.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी लसीकरणाच्या दिवशी गावात एक सपाट काटा ठेवून आलेल्या प्रत्येक कुत्र्याचे वजन करावे. वरील सूत्राने भाकऱ्यांची संख्या तेथल्या तेथे काढून ती मालकास चिठ्ठीवर लिहून द्यावी आणि बरगड्यांची परीक्षा त्याच्याच हाताने करवून घ्यावी. ही चिठ्ठी चुलीजवळ लावून ठेवल्यास रोजचा शिधा मापाने काढणे घरातील कोणालाही सहज जमेल.