काळी माती आणि दगडाचा चुरा

माळव्याच्या काळ्या मातीचे गुण शेतकऱ्याने गावेत. घर बांधणाऱ्याने मात्र तिच्याशी जपूनच वागावे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात, आणि आपल्या इंदूर-देवासकडील घरांत दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या चिरा उमटतात. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, हेच फुगण्याचे कारण होय.

या दुखण्यावर खडीच्या क्रशरखाली साचणारा बारीक चुरा सुचविला जातो. मौज अशी की, ही माती ज्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून झाली, त्याचाच बहुधा हा चुरा! परंतु चुन्याप्रमाणे तो मातीशी रासायनिक संयोग पावत नाही. फुगणाऱ्या मातीचे प्रमाण घटविणे व तिला खरखरीत कणांचा आधार देणे, एवढेच त्याचे कार्य. त्यामुळे मूठभर घालून भागत नाही. मातीच्या वजनाच्या २० ते ३० टक्के चुरा सामान्यतः लागतो. नेमके प्रमाण परीक्षेने ठरवावे.

ती परीक्षा मोठी गमतीची आहे. वाळवून चाळलेली १०-१० ग्रॅम माती काचेच्या दोन मोजपात्रांत घेतात. एकात पाणी ओततात, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलात ही माती फुगत नाही. २४ तासांनी रॉकेलातील थर १० मिलिलिटर व पाण्यातील १७ भरला, तर फुगवटा ७० टक्के. चुरा मिसळून पुन्हा पाहिले की आकडा किती उतरला ते कळते.

आमचा आक्षेप आहे तो एका सोप्या युक्तीस. काळी माती तशीच ठेवून तिच्यावर चुऱ्याचा थर पसरायचा, वर फरशी बसवायची आणि निश्चिंत व्हायचे! सुट्या चुऱ्यातून पाणी खाली झिरपते, माती फुगते आणि फरशी उचलली जाते. ढेकळे फोडून, माती व चुरा एकजीव करून, बेताच्या ओलाव्यावर थराथराने धुमसले तरच उपयोग. आणि तोही रस्त्याखाली, अंगणाखाली वा फरशीखाली. घराच्या पायाने एवढ्यावर विसंबू नये, असे आम्हांस वाटते. ऋतुमानाप्रमाणे ओल कमीजास्त होण्याचा परिणाम सुमारे साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोचतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, बुडाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब तेवढ्यासाठीच खालच्या स्थिर थरापर्यंत नेतात.

जुन्या घरास तडे गेले असतील, तर प्रथम भोवताली बाहेरच्या बाजूस पक्का उतार करावा, पन्हळीचे व मोरीचे पाणी पायाशी मुरू देऊ नये. चुऱ्याची गाडी त्यानंतर मागवावी.