कव, डोल आणि लग्नगडी

वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील पाचूबंदर, अर्नाळा यांसारख्या कोळीवाड्यांत डोल मासेमारीची जी पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिचा पाया मासळीचा पाठलाग करणे हा नसून जाळे एका जागी बांधून ठेवणे हा आहे. 'डोल' म्हणजे शंकूच्या आकाराचे, तोंडाशी रुंद आणि शेवटाकडे निमुळते होत जाणारे पिशवीसारखे जाळे. त्याच्या तोंडाकडील आस, म्हणजे जाळ्याची छिद्रे, मोठे असतात, तर टोकाकडील इतके बारीक की जवळाही त्यातून सहसा निसटत नाही. ज्यांना हे जाळे दोरांनी बांधले जाते, ते समुद्रतळात रोवलेले उंच खांब म्हणजे 'कव'. भरती-ओहोटीचे पाणी डोलीच्या तोंडातून आत शिरते, त्याबरोबर वाहत आलेले बोंबील, मांदेली, करंदी टोकाशी साठतात, आणि प्रवाह मंदावला की खलाशी ते टोक बोटीवर ओढून त्याची गाठ सोडतात, मासळी रिकामी करतात आणि पुन्हा गाठ मारून जाळे पाण्यात सोडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या जोरदार पाण्यात डोल चांगली चालते, तर अष्टमीच्या आसपास, म्हणजे 'भांगा'च्या दिवसांत, पाण्याला ओढ नसल्यामुळे जाळी दुरुस्तीला काढली जातात; त्यामुळे या घरांचा हिशेब आजही तारखेपेक्षा तिथीवर अधिक चालतो.

बांधलेल्या जाळ्याला जागा लागते आणि वादाचे मूळ तेथेच आहे. कव रोवली की तेवढा समुद्र अडतो. प्रवाहाबरोबर तरंगत जाणारी जाळी टाकणाऱ्या पालघर-डहाणूकडील मच्छीमारांची जाळी त्यात अडकून फाटतात, आणि वसई, अर्नाळा, उत्तनच्या कवी आपल्या समुद्रात फार उत्तरेपर्यंत आल्या, ही त्यांची तक्रार अनेक वर्षांची आहे. रूढीने चालत आलेली कवीची जागा कुटुंबाला वडिलोपार्जित शेताइतकी आपली वाटते, मात्र त्या शेताला सातबारा नाही. म्हणूनच हा तंटा एखाद्या बैठकीने मिटण्यासारखा नाही.

किनाऱ्यावर आल्यावरही मासळी बांधलीच जाते, पण दोरीच्या गाठीशिवाय. बांबू आणि दोर यांच्या उंच मांडवाला, ज्याला 'वलांडी' म्हणतात, बोंबील जोडीने टांगले जातात, आणि त्या जोडीत एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवलेला असतो. या मासळीचे आकड्यासारखे दातच येथे गाठीचे काम करतात. आगाशीच्या वाड्यांत राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळली जातात, म्हणजे तेथेही बांधायला बाहेरून काही आणावे लागत नाही.

याच तालुक्याच्या पूर्वेकडे, डोंगरालगतच्या आदिवासी पाड्यांत, बांधलेपणाचा अर्थ मात्र पार बदलतो. तत्कालीन ठाणे जिल्ह्यात, ज्यातून 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, सावकाराकडून लग्नासाठी कर्ज काढून ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबणाऱ्या माणसाला 'लग्नगडी' म्हणत. नवरदेवाबरोबर त्याची बायकोही राबे, कर्जाचा हिशेब सावकाराच्याच वहीत असे, आणि ज्याला तो वाचताच येत नाही त्याच्यासाठी ते कर्ज फिटण्याचा दिवस कधी उजाडतच नसे. डोलीची गाठ दर पाण्याला सुटते. या गाठीला सुटण्याची वेळच ठरलेली नव्हती, आणि दोर दिसत नसल्यामुळे ती बाहेरच्यांना कित्येकदा मालक-गड्याचे जुने नाते वाटे. 1945 साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणू भागातील वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या दोन्ही प्रथांविरुद्ध उठाव केला. त्यांनी कामच नाकारल्यावर ती वीण प्रथमच उसवली.

ती पुरती उसवली असती तर स्वातंत्र्यानंतर तीन दशकांनी 'वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976' करण्याची वेळ आली नसती. वसई तालुक्यात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी 1982 मध्ये उभारलेल्या श्रमजीवी संघटनेने याच कायद्याचा आधार घेऊन वेठबिगारांच्या मुक्ततेसाठी लढा दिला. समुद्रकिनारा आणि मुंबईला जोडणारी लोहमार्गाची रेषा एवढ्या जवळ असताना ही वेठबिगारी चालू होती, ही गोष्ट तालुक्याच्या पर्यटन-पुस्तिकांत बहुधा आढळत नाही. हीच बांधणी वीटभट्टीवर वेगळ्या नावाने दिसते: मजुराला आगाऊ दिलेल्या रकमेला तेथे 'उचल' म्हणतात, आणि पावसाळ्यात घरात दाणा नसताना ती घेतलेल्या कुटुंबाचा पुढचा हंगाम तिच्यातच बांधला जातो. नाव बदलले तरी उचल आणि लग्नाचे कर्ज यांची घडण एकच आहे.

1976 च्या कायद्यातील दोन तरतुदी या घडणीवर नेमका घाव घालतात. पहिलीनुसार वेठबिगारीचे कर्ज फेडण्याचे दायित्व नष्ट होते, म्हणजे मुक्त झालेल्या माणसाकडून त्याची वसुली करता येत नाही. आणि दुसरीनुसार, एखाद्याने आपल्यावरील कर्ज वेठबिगारीचे असल्याचे सांगितले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर, म्हणजे कर्ज देणाऱ्यावर पडतो. मुक्ततेचा दाखला मागायला पाड्यावरून तालुक्याच्या गावी जायचे, तर त्या दिवसाची मजुरी मात्र बुडते, आणि तिची भरपाई करणारे कलम त्या अधिनियमात नाही.