कळ पायात, बिघाड कमरेत

दोन मणक्यांमधली चकती फाटून तिच्यातला गर बाहेर आला आणि शेजारच्या मज्जातंतूच्या मुळाला भिडला, की कमरेतून किंवा कुल्ल्यातून निघालेली कळ थेट पावलापर्यंत जाते. हाच सायटिका. पुष्कळदा कमर फारशी दुखतही नाही, त्यामुळे रुग्ण पोटरीला तेल चोळत बसतो आणि मूळ दुखणे लक्षात येत नाही.

माणसाच्या कण्यात अशा 23 चकत्या असतात. मध्यभागी जेलीसारखा पाणीदार गर आणि त्याभोवती चिवट तंतूंची एकाबाहेर एक कडी, अशी त्यांची रचना असते. प्रौढ वयात चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. वरखालच्या मणक्यांतून जे झिरपते त्यावर ती जगते. वयाबरोबर गरातले पाणी घटते आणि कड्यांना चिरा पडतात. मग ओझे उचलताना, कधी नुसते शिंकतानाही, गर मागच्या बाजूने बाहेर येतो. ‘गादी सरकली’ असे सर्रास म्हटले जाते, पण सबंध चकती जागची हलत नाही.

कमरेत दहापैकी नऊहून अधिक वेळा हे सर्वांत खालच्या दोन चकत्यांत घडते. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती फाटली, तर बहुधा नडगीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग आणि अंगठा बधिर होतो. टाचांवर चालणे जमत नाही, चप्पल पायातून निसटते. तिच्या खालची चकती फाटली, तर पोटरीचा मागचा भाग, पावलाची बाहेरची कड आणि करंगळी यांत मुंग्या येतात. चवड्यांवर उभे राहणे कठीण होते. म्हणूनच बधिरता नेमकी कुठे आहे हे रुग्णाने नीट सांगितले, तर एमआरआयआधीच डॉक्टरांना बरेचसे कळते. उताणे झोपवून सरळ पाय उचलल्यावर गुडघ्याखाली कळ गेली, तर संशय बळावतो.

हे दुखणे मज्जातंतूचे आहे, असे नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी 1764 मध्येच लिहिले होते. चकतीचा दोष सर्वमान्य व्हायला मात्र 1934 साल उजाडले. त्या वर्षी बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिले, की शस्त्रक्रियेत सापडणाऱ्या ज्या गोळ्यांना कूर्चेची गाठ समजले जाई, त्यांतल्या पुष्कळ म्हणजे फाटलेल्या चकतीचे तुकडे होते.

केवळ दाबाने इतकी कळ येत नाही. गरातली रसायने मुळाला सूज आणतात, आणि दिलासा देणारी गोष्टही इथेच आहे. रक्तापासून दूर वाढलेला हा गर शरीराला परका वाटतो, म्हणून भक्षक पेशी त्याला हळूहळू खाऊन टाकतात. सुटून बाहेर पडलेले मोठे तुकडे तर अधिक चांगले विरघळतात. बहुतेकांचे दुखणे 6 ते 12 आठवड्यांत ओसरते. या काळात सतत अंथरुणात पडून राहण्याने फायदा होत नाही. झेपेल तेवढे चालणे बरे.

एमआरआयचा अहवाल वाचून घाबरण्याचे कारण नसते. 1994 मधील एका अमेरिकी पाहणीत पाठदुखी नसलेल्या 98 जणांपैकी 52 टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली आढळली. नेदरलँड्समध्ये 283 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षाअखेर ते आणि शस्त्रक्रिया न करता थांबलेले, असे दोन्ही गट सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्के रुग्णांना मात्र पुढे वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

लघवी अडणे, शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या मधला बसण्याचा भाग बधिर होणे, ही लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नये. मूत्राशयाकडे जाणारे मज्जातंतू चेपल्याची ती खूण असते आणि तेव्हा तातडीची शस्त्रक्रिया लागते. पायातली ताकद झपाट्याने कमी होत असेल, तरीही उशीर करू नये. शस्त्रक्रियेत सहसा बाहेर आलेला तुकडाच काढतात. त्यानंतर कळ लवकर थांबते. बधिरता जायला काही महिने लागू शकतात, आणि मूळ फार काळ चेपलेले असेल तर ती थोडीफार कायमही राहते.