युद्ध एक, बातम्या दोन : ढाका १९७१

■ २५ मार्च : पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात (तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात) कारवाई सुरू केली. परदेशी पत्रकारांना हॉटेल इंटरकॉन्टिनेंटलमध्ये अडकवून ठेवले आणि मग देशाबाहेर काढले.

■ ३० मार्च : हॉटेलातच लपून राहिलेल्या सायमन ड्रिंग यांचा वृत्तांत लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मध्ये झळकला. पाकिस्तानातली वृत्तपत्रे मात्र सेन्सॉरशिपखाली ‘परिस्थिती पूर्वपदावर’ असेच छापत होती.

■ १३ जून : ‘सारे आलबेल’ असे लिहून यावे, म्हणून लष्कराने निवडक पाकिस्तानी पत्रकारांना त्याआधी पूर्व पाकिस्तानात फिरवून आणले होते. त्यांतले कराचीचे अँथनी मस्कारेन्हस हे मूळ गोव्याचे, जन्म बेळगावचा. आधी कुटुंब लंडनला पाठवून ते स्वतः अफगाणिस्तानमार्गे निसटले. त्यांनी पाहिलेल्या कत्तलीची हकिकत या दिवशी ‘संडे टाइम्स’ने छापली.

■ १७ डिसेंबर : ढाक्यातल्या पाकिस्तानी लष्कराच्या शरणागतीच्या दुसऱ्या दिवशी कराचीच्या ‘डॉन’चा मुख्य मथळा होता ‘विजयापर्यंत युद्ध’.

फरक कशामुळे? देशी बातमीदाराची नोकरी, घरदार आणि छापखाना, तिन्ही सरकारच्या मुठीत. परदेशी बातमीदाराला सरकार सहसा हाकलून देते. त्याचा छापखाना हाती लागत नाही.