दारापाशी बारा तास

इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम आणि नॉर्थम्बरलँड या परगण्यांत एकोणिसाव्या शतकात आधी खाण निघे आणि मग गाव वसे. कोळसा लागला की मालक खाणीच्या तोंडाशी विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या करी. घराला भाडे नसे, चुलीपुरता कोळसाही जवळजवळ फुकट मिळे. पण घर मिळे ते कामापुरतेच. कामगार वर्षाच्या कराराने बांधलेला असे. लिहिता न येणारे त्या करारावर फुली मारत, आणि मुदतीआधी काम सोडणाऱ्याला तुरुंगाची वाट दाखवता येई. १८४४ च्या संपात मालकांनी शेकडो कुटुंबांना बिऱ्हाडासकट रस्त्यावर काढले. पलंग, कपाटे आणि पांघरुणे जोडून केलेल्या आडोशात त्यांनी दिवस काढले.

घर बहुधा एका मोठ्या खोलीचे असे आणि वर कौलांखाली शिडीने चढायचा माळा. खोलीत सतत पेटती शेगडी, तिच्यावर पाण्याचे आधण. खाणीतून आलेला माणूस शेगडीपुढे पत्र्याच्या टबात अंग धुई. पाठ मात्र पुष्कळजण धूत नसत, कारण धुतल्याने कंबर कमजोर होते असा समज होता. कोळसा फोडणाऱ्यांच्या पाळ्या सहा-सात तासांच्या, तर पोरांची पाळी त्याहून बरीच लांब. त्यामुळे बाप आणि मुलगे वेगवेगळ्या वेळी निघत आणि परतत. घरच्या बाईला रात्री दोनलाही कोणाचा तरी डबा भरावा लागे.

खाणीतले सर्वांत लहान काम ट्रॅपरचे, म्हणजे दार राखणाऱ्याचे. खाणीच्या एका विहिरीच्या तळाशी भट्टी पेटती ठेवीत. तापलेली हवा तिथून वर जाई आणि तिच्या ओढीने दुसरीकडून ताजी हवा आत येई. ही हवा जवळच्या वाटेने निसटू नये, दूरच्या खणत्या जागांपर्यंत पोचावी, म्हणून बोगद्यांत लाकडी दारे बसवलेली असत. गाडीचा खडखडाट ऐकला की दोरी ओढून दार उघडायचे, गाडी गेली की लगेच बंद करायचे. दार उघडे राहिले तर पलीकडे मिथेन साचे आणि एका ठिणगीने स्फोट होई. १८१२ मध्ये फेलिंगच्या खाणीतल्या स्फोटात ९२ जण गेले होते. त्यानंतर काही वर्षांतच हंफ्री डेव्हीचा जाळीचा दिवा आला, तरी दारांची गरज तशीच राहिली. शेकडो माणसांचा श्वास ज्या दारावर अवलंबून, त्याच्याशी सात-आठ वर्षांचे पोर बसवलेले असे. बारा तास, बहुधा अंधारात, कारण मेणबत्तीला पैसे पडत.

यॉर्कशरमध्ये मुलीही हे काम करत. गॉबरच्या खाणीतली आठ वर्षांची सारा गुडर हिची जबानी बालकामगार चौकशी आयोगाने नोंदवली आहे. पहाटे चारला, कधी साडेतीनलाच ती खाली जाई आणि संध्याकाळी पाचनंतर वर येई. उजेड असला तर ती गाणे म्हणे; अंधारात तिला तेवढाही धीर होत नसे. बारा तासांहून अधिक वेळ एका मुलीने असा काढला, हे सरकारी कागदांत सरळ नोंदले गेले आहे.

हा आयोग नेमला जाण्यामागे जी दुर्घटना होती, तिच्यातही असेच एक दार होते. ४ जुलै १८३८ रोजी सिल्कस्टोनजवळच्या हस्कर खाणीवर ढगफुटीसारखा पाऊस झाला. घाबरलेली मुले उतरत्या वाटेने बाहेर पडू लागली, तोच ओढ्याचे पाणी आत घुसले आणि त्याने त्यांना हवेच्या दारावर नेऊन आदळले. २६ मुले बुडाली. त्यांत ११ मुली होत्या. आयोगाच्या अहवालातल्या चित्रांनी लोक हादरले आणि १८४२ च्या कायद्याने स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखाली कामाला बंदी झाली. पण तपासनीस नेमला तो देशभरासाठी एकच.

मोठी माणसेही अशाच काटकसरीची बळी ठरली. न्यू हार्टलीच्या खाणीला एकच विहीर होती, मध्ये लाकडी पडदा घालून तिचे दोन भाग केलेले. १६ जानेवारी १८६२ ला पंपाच्या इंजिनाची अवजड तुळई मोडून विहिरीत कोसळली आणि वाट बुजली. खालच्यांपर्यंत पोचायला सहा दिवस लागले. तोवर २०४ माणसे आणि मुले संपली होती, बहुतेक विषारी वायूने. दुसऱ्या विहिरीची सक्ती त्याच वर्षी झाली.

डरहॅमच्या खाणकामगारांनी १८६९ मध्ये आपली संघटना उभारली. १८७२ मध्ये वार्षिक करार संपला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला दहा तास आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली. बाराचे दहा व्हायला आयोगाच्या अहवालानंतर तीस वर्षे गेली. घरच्या बायकांच्या तासांना मात्र कोणत्याच कायद्याने हात लावला नाही. १९०८ च्या आठ तासांच्या कायद्यानंतर डरहॅमच्या अनेक खाणींत कोळसा फोडणाऱ्यांच्या दोनऐवजी तीन पाळ्या झाल्या, तेव्हा घरातले आधण आणि डबे आणखी वाढले. १९१० च्या सुरुवातीला तिथे या पाळ्यांविरुद्ध संप झाले.