दारींचा वाल आणि पानाचा तोल

दिवाळी सरली कीं तळ्याच्या परिसरांतील भाताचीं खाचरें मोकळीं होतात. परंतु तीं फार दिवस रिकामीं राहत नाहींत. पावसाळ्याची जमिनींत उरलेली ओल आणि रात्रींचें दंव यांवर तेथें वाल वाढतो. या साध्या पिकाकडे वाचकांचें लक्ष पुन्हां वेधावें, असें आम्हांस वाटतें.

२०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें भरड धान्यांचें म्हणून पाळलें, आणि घरोघर नाचणीच्या पिठाचें कौतुक सुरू झालें. नाचणी उत्तमच, १०० ग्रॅम नाचणींत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२५ सालीं प्रसिद्ध झाले, ते विचार करावयास लावणारे आहेत. आपल्या आहारांतील सुमारें ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांपासून येतात. तांदळाऐवजीं गव्हाचें वा भरड धान्याचें पीठ घेतलें, एवढ्यानेंच मधुमेहाचा धोका कमी झाल्याचें दिसलें नाहीं. पिष्टाचा कांहीं भाग वगळून त्या जागीं कडधान्यांतील वा दूधदुभत्यांतील प्रथिनें घेणें, हें मात्र हितकर आढळलें.

तेव्हां नुसती भाकरी बदलून भागणार नाहीं. पानाचाच तोल सांवरला पाहिजे. १०० ग्रॅम कोरड्या वालांत २० ग्रॅमहून अधिक प्रथिनें असतात. तितक्याच तांदळांत तीं आठांच्या आंतबाहेर. शिवाय वालाच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र बांधून ठेवतात, म्हणून पुढील भातासही हें पीक उपकारक होतें.

डाळिंब्यांची उसळ करावयाची, तर वाल रात्रभर भिजवावे, फडक्यांत बांधून मोड आणावे, आणि मग एकेक सोलावा. कडव्या वालांत अल्प प्रमाणांत विषारी द्रव्यें असतात. भिजवल्याचें पाणी टाकून वाल नीट शिजविले म्हणजे तीं पुष्कळ कमी होतात. वडील स्त्रियांचा हा सोपस्कार व्यर्थ नव्हता.

मात्र वाल सोलण्याचें काम एकट्या सुनेच्या माथीं पडलें, तर वाल पानांतून नाहींसा व्हावयाचाच. यास्तव सायंकाळीं मुलांनीं आणि पुरुषांनींही परातीभोवतीं बसावें. ज्यांस उसळ रुचते, त्यांनीं सोलण्याचा वांटाही उचलावा, हें न्यायाचें नव्हे काय?