शिकायला की कामाला?

सरकारी रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात सकाळी फेरी मारा. ताप पाहणारी, बीपी घेणारी, चादरी बदलणारी, सलाइन संपत आलंय का ते बघणारी जी तरुण मंडळी दिसतात, त्यांत नर्सिंगचे विद्यार्थी बरेच असतात. नातेवाईक सगळ्यांनाच ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात. पण ही मुलगी इथे शिकायला आली आहे की कामाला, हे सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न आधुनिक परिचारिका प्रशिक्षणाइतकाच जुना आहे.

त्यासाठी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जावं लागेल. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी केलेल्या कामाबद्दल ब्रिटिश जनतेने वर्गणी काढून सुमारे ४४ हजार पौंडांचा निधी उभारला. त्यातून १८६० मध्ये या रुग्णालयात प्रशिक्षण शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. प्रशिक्षण एक वर्षाचं. राहणं, जेवण, गणवेश मोफत आणि वर्षाला १० पौंड विद्यावेतन. नाइटिंगेल स्वतः तिथे शिकवत नव्हत्या. त्यांची प्रकृती तेव्हा फार खालावली होती. शाळा सांभाळली ती रुग्णालयाच्या मेट्रन सारा वॉर्डरोपर यांनी.

शाळेला विरोध झाला, आणि तो डॉक्टरांकडूनही झाला. याच रुग्णालयातले ज्येष्ठ सर्जन जॉन फ्लिंट साउथ यांचं मत असं, की परिचारिका म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईसारखीच. पोटीस कसं करायचं यापलीकडे तिला फारसं शिकवायची गरज नाही. आमच्या व्यवसायातली ही वृत्ती आजही पूर्णपणे गेली आहे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शाळेची शिस्त कडक होती. प्रत्येकीचा मासिक तक्ता भरला जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता यांची त्यात नोंद असे. तशीच जखमेची मलमपट्टी, रुग्णाला हलवणं, निरीक्षण अशा कौशल्यांचीही. सर्वांत मोठा बदल म्हणजे परिचारिकांचं प्रशिक्षण आणि शिस्त डॉक्टरांच्या नव्हे, मेट्रनच्या हाती आली.

मात्र कागदावरची शाळा आणि वॉर्डातली शाळा यांत अंतर होतं. १८७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत नाइटिंगेल यांनी बारकाईने चौकशी केली, तेव्हा व्याख्यानांची हेळसांड होत असल्याचं उघड झालं. मुली दिवसभर वॉर्डात राबत होत्या, पण शिकवत कोणीच नव्हतं. मग व्याख्यानांची जबाबदारी जॉन क्रॉफ्ट या सर्जनकडे गेली आणि मुलींच्या अभ्यासाकडे लक्ष द्यायला वसतिगृहात स्वतंत्र सिस्टर नेमली गेली.

ही पद्धत पुढे जगभर पोचली. १८६८ मध्येच लुसी ऑसबर्न पाच परिचारिकांसह सिडनीला गेल्या होत्या. शिस्त, गणवेश, मेट्रनचा मान यांच्याबरोबर एक दुखणंही पसरलं. विद्यार्थिनी म्हणजे स्वस्तात मिळणारे हात, हे अनेक रुग्णालयांच्या लक्षात आलं. खुद्द ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांना कर्मचाऱ्यांच्या संख्येत धरायचं नाही, हे तत्त्व लागू व्हायला १९८९ नंतरचा काळ उजाडला.

आपल्याकडे सुरुवातच टंचाईने झाली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने देशाची आरोग्यस्थिती मांडली, तेव्हा सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका होती. तेव्हापासून शाळा, महाविद्यालयं, पदव्या पुष्कळ वाढल्या. पण वॉर्डात कायम परिचारिकांच्या जागा रिकाम्या राहिल्या, की तो भार विद्यार्थ्यांच्याच खांद्यावर येतो. दुसऱ्या वर्षाची मुलगी एकटीच तीस खाटा सांभाळत असेल, तर इंजेक्शन देण्यापूर्वी तिने शंका विचारायची कोणाला?

हा केवळ विद्यार्थ्यांच्या सोयीचा मुद्दा नाही. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास आला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी होत्या. एका परिचारिकेकडे एक रुग्ण जास्त आला, की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं, तिथे ती तेवढीच घटलेली दिसली. अशा अभ्यासातून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही; पण परिचारिकांची संख्या आणि त्यांचं शिक्षण यांचा रुग्णाच्या जिवाशी संबंध आहे, हे त्यातून ठळकपणे दिसतं.

म्हणून विद्यार्थी वॉर्डात हवेतच. खाटेजवळ उभं राहिल्याशिवाय हे काम येत नाही. फक्त त्यांच्या शेजारी अनुभवी सिस्टर हवी, आणि ड्यूटीच्या तक्त्यात त्यांचं नाव भरून रिकामी जागा झाकलेली नको. तुमचा माणूस दाखल असेल आणि एखादी विद्यार्थिनी बीपी घ्यायला दोनदा पट्टा बांधू लागली, तर तिच्यावर चिडू नका. आवाज चढवायचाच असेल, तर तिच्याबरोबर असायला हवी होती ती सिस्टरची जागा रिकामी का, असं प्रशासनाला विचारा.